एका पाटावर दोन पाटकरी

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा नाशिकच्या एका दवाखान्यातल्या अख्ख्या वॉर्डाने ती मानली नव्हती. त्यातले दोघे तर गुंगीत होते, पण त्यांनीही मान हलवून नकार दिला. तरी सांगतो, कारण एका माणसाचा पाय आणि बहुधा जीवही या गोष्टीवर टांगलेला होता.

मी सावळीराम. उभा जन्म मोसम नदीच्या काठी, नामपूरच्या बाजूला, फडावर पाटकरी म्हणून काढला. फड ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि त्या पाटाखाली भिजणारी साऱ्या गावाची जमीन म्हणजे फड. कोणाच्या वाफ्यात पाणी कधी आणि किती सोडायचं, हे जमिनीच्या मालकाने ठरवायचं नाही, पाटकऱ्याने ठरवायचं. त्यामुळे मोठमोठे बागायतदार मला लांबून रामराम घालायचे आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो. आता सातपूरला मुलाकडे, दिनेशकडे असतो. इथे पाणी नळाला येतं. मला कोणी रामराम घालत नाही.

तर एका सकाळी उज्वलाचा फोन आला. उज्वला म्हणजे केरूची सून, आणि केरू म्हणजे माझ्या गावचा, माझ्या वयाचा, शाळेत माझ्या शेजारी बसून माझी पेन्सिल चोरणारा केरू. बरीच वर्षं तो मुलाकडे सुरतेला होता. आता मुलगा नाशकात आला, म्हणून हाही आला.

"मामा, लवकर या," उज्वला म्हणाली. "बाबांना ॲडमिट केलंय. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. आणि ते सुई घेत नाहीयेत."

मी गेलो. केरू खाटेवर बसला होता. डावा पाय दोन उशांवर, मांडीपर्यंत सुजलेला, तुकतुकीत. शेजारी रोहिणी सिस्टर ट्रे घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती बराच वेळ उभी आहे.

"ये, सावळ्या," केरू म्हणाला. "तुला बी बोलावलं का हिनं? आता काय वाजत-गाजत टोचणार का मला?"

उज्वलाने मला दाराशी नेलं. म्हणाली, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गुठळी मोठी आहे, सुटून फुफ्फुसात गेली तर हातात काही राहणार नाही. रक्त पातळ करायची गोळी कालपासून सुरू केली आहे, पण तिच्याबरोबर पोटावरची इंजेक्शनंही थोडे दिवस लागणारच. बाबा गोळी गिळतात. सुई आणली की पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतात. वर म्हणतात, दुपारच्या गाडीने गावाला जातो.

"आजोबा," रोहिणी सिस्टर म्हणाली, "मी बाकीचे पेशंट करून येते. तोवर मनाची तयारी करा."

"मन तयार हाय," केरू म्हणाला. "पोट तयार नाय."

ती गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "तूच सांग. गोळी चालू झाली ना? मग ही सुई कशाला? एका दुखण्याला दोन दोन औषधं?"

"बरोबर हाय तुझं," मी म्हणालो.

उज्वलाने माझ्याकडे असं बघितलं, की फोन केल्याचा तिला तिथल्या तिथे पस्तावा झाला असावा.

"मी बी हेच केलं व्हतं," मी म्हणालो. "माझ्या पायात गुठळी झाली तवा."

"तुझ्या पायात?"

"तू सुरतेला व्हतास. माझा पाय तुझ्या या पायाच्या दुप्पट झाला व्हता."

आता केरूच्या दोन खोडी सांगायला हव्यात. एक, दुसऱ्याचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं निघालेलं त्याला सहन होत नाही. दोन, मी तोंड उघडलं की माझ्या बोलण्यातलं खोटं हुडकायला तो दबा धरून बसतो. शाळेपासूनची सवय. आणि खोटं हाती लागल्याशिवाय जागचा हलत नाही.

"दुप्पट?" तो म्हणाला, आणि उशीला टेकून बसला. "बोल."

मनात म्हटलं, बसला. दुपारची गाडी तर चुकली.

मी सुरुवात केली. माझा पाय असा सुजला, केरू, की सटाण्याहून नाशिकला येताना एसटीत पायाने वेगळी सीट अडवली. कंडक्टर म्हणाला, बाबा, याचं तिकीट? मी म्हटलं, तो माझाच आहे. तो म्हणाला, एवढा मोठा प्रवासी फुकट नेता येत नाही. अर्धं तिकीट फाडलं, तेव्हा कुठे घंटी मारली.

"चालंल," केरू म्हणाला. "पुढं."

इथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी बघितलं. दीपमाला मॅडम. बारीक अंगाची बाई, पण आवाज असा, की पाटाच्या पार त्या टोकाला ऐकू जावा. रक्त काढायला सुई घातली तर रक्त येईना. मागून ओढलं तेव्हा काकवीसारखी तार निघाली. ती तार खिडकीपर्यंत गेली. मॅडम म्हणाल्या, हे रक्त नाही, हे गुऱ्हाळ आहे.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला आणि टाके दुखले म्हणून कण्हला.

मग त्यांनी पोटावर सुया सुरू केल्या, त्यावर गोळीही सुरू केली, आणि बजावलं की गोळीचा अंमल बसलाय असं तपासणीत दिसेपर्यंत सुई सोडायची नाही. मी होय होय म्हटलं. मला गावाची ओढ. गोळ्या आणि सुया पिशवीत घालून घरी गेलो. गावात सुया टोचायला सगुणाबाई नर्स रोज येणार होती. पहिल्या दिवशी ती दारात आली आणि मी तिला चौकटीतच अडवलं.

"सगुणाबाई," म्हटलं, "गोळी चालू झाली. आता सुई बंद. फडाचा नियम हाय. एका पाटावर दोन पाटकरी नसतात. नवा आला की जुन्यानं त्याच दिवशी टिकाव खांद्यावर टाकायचा आन घर गाठायचं. दोघं राहिले की दोन हुकूम, दोन हुकूम झाले की भांडण, आन पाणी तिसऱ्याच्याच वावरात."

इथे केरूच्या कपाळाला आठी पडली. मी बघितली, आणि न बघितल्यासारखं करून पुढे गेलो.

सगुणाबाई आमच्याच फडावरची. तिला ते पटलं. माझ्या बायकोला, चांगुणालाही पटलं. पारावर सांगितलं तर सगळ्या माना डोलल्या. आमच्या गावात डॉक्टरचं बोलणं एका कानाने ऐकतात, पण पाटाचा नियम म्हटला की वाद घालायचा नसतो. आमच्या लोकांशिवाय असला घोळ कोणी घातला नसता. शहरातल्या माणसाने मुकाट्याने दोन्ही घेतलं असतं.

"मग काय झालं?" उज्वलाने विचारलं. ती आता खाटेच्या कडेला बसली होती.

मग दोन-तीन दिवसांत माझ्या मांडीवर एक डाग उठला. आधी लाल, मग जांभळा, मग काळा. आणि दुखायचा असा, की वाऱ्याची झुळूक लागली तरी मी ओरडायचो. म्हटलं, गळू असेल. चांगुणाला दाखवला नाही. पण बाईमाणसाच्या नजरेतून काय सुटतं? अंघोळीच्या वेळी पाणी द्यायला आली आणि तिने बघितलं.

"हाई काय शे?" ती म्हणाली.

"गळू."

"गळू असं पसरत नही." ती खाली वाकली. "सकाळी एवढाच व्हता का?"

खरं सांगायचं, तर सकाळी तो तळहाताएवढा होता. आता त्यात अख्खा बागलाण तालुका मावला असता. मोसम नदीसुद्धा दिसत होती, फक्त पाणी नव्हतं.

चांगुणाने मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. रस्त्यावर गेली आणि नामपूरच्या बाजारातून कांदा भरून निघालेली पिकअप अडवली. मला गोण्यांवर आडवं घातलं, स्वतः डोक्याशी बसली. सटाणा गेलं, देवळा गेलं, चांदवडच्या घाटात मी म्हटलं, चांगुणा, मी काही पोचत नाही. ती म्हणाली, पोचायचं का नाय ते नंतर ठरव, आधी त्या गोणीवरून पाय काढ, कांदा दबतोय. सबंध रस्ता तिच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. मी बघत होतो ना. मरताना माणसाला दुसरं काम काय?

दवाखान्यात पोचलो. कांद्याच्या गोण्यांवरून उतरलेला मी, माझ्या अंगाला असा वास, की दारातला शिपाई रडला, कागद करणारी मुलगी रडली, लिफ्टमधले तिघे रडले. मला वाटलं, आपलं काही खरं नाही. एवढी माणसं उगाच रडत नाहीत.

"हे बी चालंल," केरू म्हणाला, पण त्याचा आवाज जरा उतरला होता. नजर स्वतःच्या मांडीवर गेली होती. "मग मॅडम काय म्हणल्या?"

मॅडमनी डाग बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "इंजेक्शन कधी बंद केलं?" मी म्हटलं, गोळी सुरू झाली त्याच दिवशी. त्यांनी डोळे मिटले. मग समजावून सांगितलं. त्या त्यांच्या भाषेत बोलल्या, मी माझ्या भाषेत ऐकलं. ते असं.

रक्ताच्या पाटाला कुठे भगदाड पडलं, की चिखल टाकून ते बुजवणारी एक टोळी आपल्या अंगात असते. ती नसती तर दाढी करता करता माणूस संपला असता. पण या टोळीला थांबणं माहीत नाही. भगदाड बुजलं तरी फावडी चालूच. म्हणून तिच्यामागे एक राखणदार फिरत असतो. "पुरे, आता फावडं खाली ठेवा," एवढंच त्याचं काम. मॅडम त्याला प्रोटीन सी म्हणाल्या. मी त्याला पुरेराव म्हणतो.

"पुरेराव," केरू पुटपुटला.

आता गंमत ऐक. टोळी आणि पुरेराव, दोघं एकाच घरची भाकरी खातात. हिरव्या भाजीपाल्यात एक जीवनसत्त्व असतं, ती यांची भाकरी. गोळी काय करते? ती भाकरीच बंद करते. टोळीही उपाशी, पुरेरावही उपाशी. पण टोळीतले काही गडी दांडगे, जुन्या शिदोरीवर चार दिवस फावडं मारत राहतात. पुरेराव अशक्त. तो दिवसभरातच घरी जाऊन आडवा होतो. म्हणजे मधले काही दिवस पाटावर चिखल टाकणारे आहेत, आणि पुरे म्हणणारं कोणी नाही. रक्त पातळ करायला गोळी घेतली आणि ते आधी गोठायलाच निघालं. माझ्या मांडीतल्या बारीक बारीक पाटांत चिखल बसला. तोच तो काळा डाग.

"आन सुई?" केरूने विचारलं.

सुईचा मेळ निराळा. अंगात आणखी एक राखणदार असतो, त्याची भाकरी दुसऱ्या घरची. गोळीने त्याचं काही बिघडत नाही. पण तो स्वभावाने गरीब, सावकाश चालणारा. सुई त्याच्या हातात काठी देते. मग तो असा सुटतो की टोळीची फावडी हातातून पडतात. मधले ते वाईट दिवस तोच सांभाळतो.

"आणि मामा, सगळ्यांनाच असा डाग पडतो?" उज्वलाने विचारलं. तिचा हात केरूच्या पांघरुणावर होता.

"नाही बाई. फार थोड्यांना. नंतर सावकाश तपासण्या केल्या तेव्हा कळलं, माझा पुरेराव जन्मापासूनच अर्धा. मॅडम म्हणाल्या, पुरा असता तरी ते दिवस सुईविना काढायचे नसतात. डाग नाही पडला तरी पायातली गुठळी वाढते, सुटते."

"माझा पुरा हाय का अर्धा?" केरूने विचारलं.

"मला काय माहीत? मला बी माझा माहीत नव्हता. डाग पडल्यावर कळला."

वॉर्डात पंख्याचा आवाज येत होता. गुंगीतल्या एका माणसाने कूस बदलली, तीही आमच्या बाजूला.

मी पुढे सांगितलं. मॅडमनी गोळी थांबवली. बंद केलेली भाकरी शिरेतून परत सुरू केली. सुई पुन्हा चालू. आणि कोणा भल्या माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी मला चढवलं, म्हणजे काही दिवसांपुरता उसना पुरेराव. चांगुणा खाटेशी बसून डागाच्या कडेला पेनाने रेघ मारायची. रेघेबाहेर गेला का, रेघेबाहेर गेला का, एवढंच बघत होती. मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं, पसरत राहिला तर कातडं काढावं लागेल, कदाचित जास्तही. जास्त म्हणजे काय, ते तिने विचारलं नाही. माझ्या पायाकडे एकदा बघितलं फक्त.

एका सकाळी डाग रेघेच्या आत होता. दुपारी आत होता. दुसऱ्या सकाळीही आतच. मॅडम आल्या, दाबून बघितलं, आणि म्हणाल्या, "थांबला." तेवढंच. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या, आणि चांगुणाने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, आता कशाला रडतेस? म्हणाली, कांद्यामुळं. कांदा केव्हाच बाजारात विकून गेला होता. पण माझ्या घरात खोटं बोलायचा तेवढा एक मान तिला दिला.

मग पुढे गोळी परत सुरू केली, अगदी चिमूटभर, हळूहळू वाढवत, आणि सुई बरोबर चालू ठेवूनच. आता बघ, मी जिने चढतो. डाग होता तिथे नुसता वण आहे. रक्त असं झुळझुळ, की मध्यंतरी एक डास चावला, प्यायला बसला, धार काही थांबेना, शेवटी बिचारा पोहत काठाला लागला.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने टाक्यांवर हात दाबून धरला. उज्वलाही हसली, बऱ्याच वेळाने.

तेवढ्यात रोहिणी सिस्टर ट्रे घेऊन परत आली आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. केरूकडे बघत शेवटचं सांगून टाकलं.

"तर सुईचं मला काय वाटत नाय, केरू. विंचू चावलेला माणूस मी. सदरा वर करायचा, टोच म्हणायचं. त्या वेळी जे झालं त्यात माझी चूकच नव्हती. नियमच तसा. एका पाटावर दोन पाटकरी कधी नव्हते. नवा आला की जुना त्याच दिवशी घरी. आपल्या फडावर बापजाद्यांपासून—"

"खोटं!"

केरू असा ओरडला की गुंगीतल्या दोघांनी डोळे उघडले.

"धडधडीत खोटं! एसटीचं तिकीट चालंल, डास चालंल, काकवी बी गिळली म्या. हे नाय चालणार! तू पाट हाती घेतला तवा जुना पाटकरी कोण व्हता? बोल! माझा बा व्हता, पुंजाराम! तो गेला व्हता का त्या दिवशी घरी?"

मी पंख्याकडे बघितलं.

"वर काय बघतो? अख्खा हंगाम तुझ्या मागं काठी टेकत हिंडला माझा बा. तुला उतार कळत नव्हता, तुझं पाणी निम्म्यातच मुरायचं. शेवटच्या वाफ्यात तुझं पाणी पोचलेलं त्यानं डोळ्यानं बघितलं, तवा टिकाव खाली ठेवला. तोवर दोघं व्हते पाटावर. दोघं! नियम म्हणे! तू सुईला घाबरला व्हतास, सावळ्या. आन बायामाणसांना फडाचं नाव सांगून गप केलंस!"

तो धापा टाकत थांबला. मग आपणच काय बोललो ते त्याला मागून ऐकू आलं असावं. एकदा सुजलेल्या पायाकडे बघितलं, एकदा ट्रेकडे. माझ्यावरची नजर न काढता त्याने सदरा स्वतःच वर केला.

"टोचा ओ सिस्टर," तो म्हणाला. "शेवटच्या वाफ्यात पाणी दिसेस्तोवर रोज टोचा. आन झालं की ह्या लबाडाला बी एक टोचा. मला बघायचंय, विंचू चावलेला माणूस कसा ओरडतो ते."